अक्कल नसलेली पोर

"वेडी म्हणू नका," वकीलबाई कुजबुजल्या. "वेडी म्हटलं तर डॉक्टरांची रांग लागेल. समज आली नाही म्हणा, एवढंच. समज नाही हे कोर्टाला पटलं, तर पोरीचा फास टळतो."

गोलबानूने मान हलवली. तिच्या डोक्यात मात्र काही शिरत नव्हतं. सनोबर तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. रांगत होती तेव्हापासून हिच्याच पदरात. आता सोळा वर्षांची. गावातल्या तांदळाच्या गोदामवाल्याने तिच्यावर बळजबरी केली. त्याला पाठीवर फटके बसले, आणि तो घरी जाऊन जेवला. पोरीला बदफैली ठरवून फाशी सुनावली. वरच्या कोर्टाने खटला परत पाठवला तो एवढंच विचारायला, की हिला समज होती का.

"पण बाई, नवव्या वर्षीच तिला कायद्याने मोठी धरली ना?"

"धरली."

"आणि मुलगा मोठा होतो पंधराव्या वर्षी."

"हो, मावशी."

"म्हणजे आमच्या पोरी काकड्यांसारख्या वाढतात म्हणायच्या."

शेजारची तूबा ओढणीत तोंड खुपसून हसली. बाईची साक्ष अर्धीच धरतात, म्हणून या दोघी मिळून एक साक्षीदार झाल्या होत्या.

"साक्ष अर्धी," गोलबानू पुटपुटली, "मग फासाला मान पुरी कशी?"

"हे आत बोलू नका," वकीलबाई म्हणाल्या.

आत काझी बसला होता. पांढरी पगडी, नाकाला सर्दी, चेहरा तसा गरीब. सनोबरने डोक्यावरून घेतलेली तुरुंगातली चादर तिला इतकी लांब होती की पाय दिसत नव्हते. पहारेकरीण बाईने तिच्या बेड्या काढल्या आणि ती भिंतीजवळ खाली बघत उभी राहिली.  थापा मारण्यात गोलबानूचा हात खोऱ्यात कुणी धरत नसे. एकदा तोंड उघडलं की तिची जीभ तिलाच आवरत नसे.

"काय सांगू, हाजी आगा. हिला बदकं राखायला बसवली. संध्याकाळी बघते तर बदकं चुलीपाशी शेकतायत आणि ही तळ्यात."

काझीने चष्मा वर केला.

"भाताची रोपं लावायला धाडली, तर हिने उलटी लावली. मुळं वर, शेंडे चिखलात."

"मग उगवली का?"

"तेच तर दुखणं. खालच्या खाली उगवली. पीक काढायला विहीर खणावी लागली."

"निम्मी मी खणली," तूबा गंभीरपणे म्हणाली. तिच्या वाट्याला अर्धीच साक्ष होती.

कारकून खोकल्यासारखं करून हसला. काझीच्या पोटावरची शाल हलली. वकीलबाईंना कळेना, हे बरं चाललंय की वाईट. सनोबरचे खांदेही थरथरत होते. ती हसत होती की रडत होती, ते गोलबानूलाही ओळखता आलं नाही.

"मुली," काझीने विचारलं, "देव कुठे आहे?"

'माहीत नाही' असं सांगायला तिला शिकवलं होतं. "माहीत नाही," सनोबर म्हणाली. हे मात्र तिला खोटं बोलावं लागलं नाही.

काझीने रुमालाने नाक पुसलं. मग वकीलबाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "हिला खरंच काही कळत नाही असं दिसतंय." त्याने लेखणी उचलली. वकीलबाईंनी बाकाखाली गोलबानूचा गुडघा घट्ट धरला. गोलबानूने विचारलं, "झालं?" त्या म्हणाल्या, "झाल्यातच जमा. आता गप्प बसा."

तेवढ्यात चहा आला.

चहावाला म्हातारा जिना चढून आला होता. धाप लागलेली, हात कापत होते, तबकातले काचेचे पेले एकमेकांवर आपटत होते. सनोबरने ते पाहिलं. ती पुढे झाली आणि दोन्ही हातांनी तबक धरलं. "बाबा, तुम्ही टेका," असं म्हणून पायानेच स्टूल त्याच्याकडे सरकवलं. पहिला पेला काझीला, नजर खाली ठेवून, साखरेचे खडे उजव्या हाताला. मग कारकुनाला, मग वकीलबाईंना. तूबाच्या तोंडात दात नव्हते, तर तिच्यासाठी खडा बशीत ठेचून दिला. शेवटी पहारेकरणीला. कुठल्याही बशीत थेंब सांडला नव्हता.

काझीने खडा चहात बुडवला, जिभेवर ठेवला, घोट घेतला. मुलगी बघायला आलेला पाहुणा बसतो तसा तो मागे रेलून बसला. त्याचा चेहरा आणखीच मवाळ झाला.

"वा," तो म्हणाला. "कुणाचं वळण हे?"

बाकाखाली वकीलबाईंची नखं गोलबानूच्या गुडघ्यात रुतली. ती गोंधळून त्यांच्याकडे बघू लागली. हा तर चांगला प्रश्न होता. पोरीने चहा फिरवला की वडीलधाऱ्या पाहुण्याने हेच विचारायचं असतं, आणि घरच्या बाईने एकच उत्तर द्यायचं असतं. गोदामाच्या त्या दुपारनंतर गोलबानूने आशाच सोडली होती. या पोरीसाठी दारात कुणी येणार नव्हतं, हे कुणी विचारणार नव्हतं. आता एवढा मोठा माणूस विचारत होता.

तिने ओढणी सावरली. पाठ ताठ केली.

"माझं, हाजी आगा," ती म्हणाली. "खोऱ्यात हिच्याइतकी समजूतदार पोर दुसरी दाखवा."