केशरबाईचा पाय

अकोल्याच्या जिनात कापसाची गाठ उचलताना श्रावणच्या कमरेत पुन्हा उसण भरली. मुकादमानं पायाळू केशरबाईला हाक मारली; तिची लाथ बसली की उसण पळते, असं साऱ्या जिनाचं म्हणणं. दोघांनी श्रावणला पालथं दाबून धरलं. सदऱ्याखाली डॉक्टरनं ताणून चिकटवलेली रुंद पट्टी होती. "शिकवलेले व्यायाम कर. पाठीवर कोणाचा पाय पडू देऊ नको, लुळा होशील," असं त्यानं बजावलं होतं. पण पट्टी दिसली, तर मुकादम उद्या कामावर घेणार नव्हता.

केशरबाईचा पाय पट्टीवर टेकला अन् थबकला. मग लाथ मारल्याचं नुसतं सोंग करून तिनं तो बाजूला जमिनीवर आपटला.

"गेली उसण!" ती मोठ्यानं म्हणाली. मग त्याला उठवताना कानाशी पुटपुटली, "दवाखाना सोडू नको, बापा. माहा नवरा खाटेवर पडून हाये, तो याच पायानं."