हिंडल्याचे पॉईंट

समुद्राकाठच्या रिसॉर्टमधली, झावळ्यांनी शाकारलेली खोली बघून सत्यभामा दारातच थबकली आणि सुरजचा चेहरा पडला. आई-बापांना केजहून आणून पहिल्यांदा विमानात बसवलं, आणि खोली निघाली हुबेहूब ऊसतोडीच्या फडावरल्या कोपीसारखी.

"माय, स्लॅबची खोली मागू का? बदलून देतेत."

"कावून? लई चांगली कोपी हाय की." ती आत गेली आणि पांढऱ्याशुभ्र चादरीवरून हात फिरवत पलंगाच्या कडेला बसली. "पैसे किती पडले रं?"

"काईच न्हाई. कंपनीच्या कामानं एवढी वर्षं विमानानं हिंडलो, त्याचे पॉईंट साठले होते. त्याच्यावर फुकट ऱ्हाता येतं."

सत्यभामाला ते काही केल्या पटेना.

"हिंडल्याचं बी देतेत व्हय?" ती नवऱ्याकडं वळली. "आवं, ऐकलं का? दिवाळी झाली की ह्याला वसतिगृहात ठेवायचं अन् आपण ट्रकात बिऱ्हाड टाकून निघायचं. कधी सांगलीला, कधी कर्नाटकात. जवानी सारी हिंडण्यात गेली. मग आपले पॉईंट कुठं गेले म्हणावं?"

म्हातारा तोंडावर उपरणं धरून हसला. तीही हसली. सुरजला मात्र हसता येईना. तो तिच्या पायाशी खाली बसला, तिच्या भेगाळल्या टाचेवर हात ठेवला आणि म्हणाला,

"माझ्या नावावर जमा झाले, माय. आपण तेच वापरतोय."