किल्ली नसलेलं कुलूप

पुण्यावर ढग दाटले तसा विमान चालवायचा दांडा आपोआप कुलूपबंद झाला, आणि वैमानिक हेमांगी राजाध्यक्षच्या हातात काहीच उरलं नाही. उन्हावर चालणारं ते छोटं विमान ढगांच्या वर घिरट्या घालू लागलं. हवा सुधारेपर्यंत ते उतरणार नव्हतं.

मागे स्ट्रेचरवर हृदयविकाराचा झटका आलेले केळुसकर सर होते. त्यांची मुलगी सुनेत्रा ओरडली, "अहो, उतरवा ना! बाबांना धाप लागलीय!"

"विमान मला काही करूच देत नाहीये," हेमांगी म्हणाली.

सुनेत्रा वडिलांवर वाकली. "बाबा, हे कुलूप तुम्हीच बनवलंत ना? कसं उघडायचं, सांगा!"

"उघडत नाही ते," सर कष्टानं म्हणाले. "तुझा भाऊ निखिल विमान घेऊन अशाच ढगांत शिरला आणि गेला. किल्ली ठेवली असती, तर प्रत्येकानं ती फिरवली असती."

हेमांगी पट्टा सोडून मागे आली. तिनं त्यांचा हात हातात घेतला. "सर, मला खरंच जमलं असतं हो."

"निखिलही हेच म्हणायचा," ते पुटपुटले.

दुपारी ढग विरले आणि विमान अलगद उतरलं. तोवर तो हात गार पडला होता.