कामाचे डोळे

सिनेमे आता यंत्रं बनवत होती. माणसाला एकच नोकरी उरली होती, ते बघत बसायची. दहावीच्या वर्गात ‘सिनेमातलं करिअर’ सांगायला आज अस्मिताचीच आई आली होती. तिच्या डोळ्यांत कंपनीची भिंगं होती. ती कुठं हसते, कुठं रडते, ते यंत्राला कळे. मात्र कंपनीबाहेरचा सिनेमा बघितला, की भिंगं हळूहळू विझत आणि नजरही घेऊन जात.

“सर, मी स्वतः सिनेमा केलाय. आईवर,” अस्मिता म्हणाली.

“तो बघायला कोण रिकामं आहे गं?” घोडके सर हसले, वर्गही खिदळला.

तिनं मोबाइल आईसमोर धरला. आईनं डोळे गच्च मिटले. मोबाइलमधून भाकरी थापल्याचा आवाज तेवढा आला.

“आईसारखीच निघणार ही!” सरांनी नव्या भिंगांची डबी अस्मिताच्या हातात कोंबली.

ते ऐकून आईनं डोळे उघडले.

“मॅडम, मिटा!” सर ओरडले.

तिनं सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. “एवढे भाजलेत होय गं माझे हात?” ती म्हणाली. “ती डबी परत दे.”

मग ती भिंत चाचपत दार शोधू लागली.