हाडाची पाकळी

"ग्लू लावायचा नाही हं या फळीला. खडखडू दे," म्युझियममध्ये काम करणाऱ्या ऋचाने स्वप्नाला बजावलं होतं.

कैरोहून आलेली ती कोरीव फळी तेव्हा नुकतीच स्वप्ना-देवव्रतच्या फ्लॅट बुश या उपनगरातल्या घरात भिंतीला टेकून उभी राहिली होती. मामलुक सुलतानांच्या काळातली, असं देवव्रत येईल-जाईल त्याला सांगायचा. काळ्या लाकडाचे तारे, त्यांत हाडाच्या पांढऱ्या पाकळ्या. तारे कुठेही चिकटवलेले नाहीत, एकमेकांच्या खाचांत नुसते बसवलेले. हवा बदलेल तसं लाकडाला फुगायला-आकसायला जागा राहावी म्हणून.

"अगं, गॅरेज उघडलं तरी वाजते ती. देवला सहन होत नाही," म्हणून स्वप्ना हसली होती. आणि एका शनिवारी देवव्रतने प्रत्येक खाचेत ग्लू भरला.

हिवाळाभर घर गरम ठेवायला हीट पंप चालला, हवा कोरडी पडली. जखडलेल्या लाकडाला आकसायला वाव राहिला नाही. ते तडकलं आणि पाकळ्या निसटल्या.

हे कळलं ते आज सकाळी. स्वप्ना कुकर लावून वळली, तर फळीपाशी रांगत गेलेली श्रुती निळीजांभळी. तिने दहा महिन्यांच्या पोरीला मांडीवर पालथी घातली आणि पाठीवर थापट्या मारतच राहिली. शेवटी नाचणीच्या सत्त्वाचा लोंढा बाहेर आला, त्यात एक पाकळी. मग श्रुतीने टाहो फोडला.

देवव्रत वरून धावत आला, वाकला. स्वप्नाला वाटलं, पोरीला घेतोय. त्याने उलटीतून पाकळी उचलली.

"थँक गॉड, तुटली नाही."

"देव, दोन जागा रिकाम्या आहेत."

"हं?"

"ताऱ्यात. दुसरी कुठाय?"

तो पाकळी टी-शर्टला पुसून ताऱ्यात बसवून बघत होता. "पडली असेल इथंच. आणि गेली असेल पोटात, तर येईल की नॅपीतून. रिलॅक्स! फक्त नॅपी फेकू नकोस हं लगेच."

उलटीत बरबटलेल्या स्वप्नाला उलटीची घाण वाटली नव्हती. आता त्याच्या बोटांची वाटली. त्याच बोटांनी तो श्रुतीचा गाल धरायला आला.

"हात लावू नकोस तिला."

तिने किल्ल्या उचलल्या.

मोटरवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. हॉस्पिटल अजून लांब. श्रुतीची सीट मागे, पाठमोरी. आरशात फक्त टोपीचं टोक दिसत होतं. इतका वेळ चाललेलं रडणं मघाशी थांबलं होतं.

"श्रुती? बाळा?"

इथे मध्येच थांबता येत नाही, स्टिअरिंग सोडता येत नाही. गाडीत तिसरं कुणी नाही. तुम्ही तरी जरा मागे वाकून बघा हो. छाती हलतेय ना तिची?