तीनदा कापलेली फीत

बाबुलाल शाहिरानं कानावर हात ठेवला अन् सोमाजीनं कपाळाला हात लावला. आता हा ते म्हणणार. म्हटल्याशिवाय राहतो कसला!

मंडईचा दिवस होता. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात अन् भर दुपारी खडी गंमत, शाहिराचा गाण्या-सोंगांचा खेळ, उभी राहते. आसगावच्या पलीकडचं सोमाजीचं गाव लहान, पण आज मांडवात मुंगीला वाट नव्हती. सगळ्यांच्या पुढे सोफ्यावर पुंडलिकभाऊ बसले होते, त्या भागाचे पुढारी. गंमत झाली की ते माईकवर येऊन बंद झालेली दुपारची एसटी पुन्हा सुरू करायचं सांगणार, असं गावभर झालं होतं.

ती पवनीची दुपारची गाडी बंद झाली अन् सोमाजीच्या घरातलं हसणंच गेलं. त्याची गुड्डी पवनीला कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. आता कॉलेज सुटल्यावर पोरगी संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत बसायची, अन् फाट्यावर उतरायची तेव्हा दिवस बुडालेला. पुढे सारं रान. रानात वाघ असल्याचं गुराख्यांनी सांगितलं, तेव्हा मंदाबाईनं नवऱ्याला बजावलं होतं, "दिवाळीनंतर गाडी नाही आली तं पोरगी घरी बसन. मले शिक्षण नाही पायजे, मले माही पोरगी पायजे."

आणि हा शहाणा! सोमाजीच्या जिभेला हाड नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बाजाराला निघाला की गाडीत बसून जे दिसेल त्याच्यावर बोलायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. कोणत्या पुढाऱ्याची पाटी कुठं लागली, कोणता रस्ता कोणाच्या दारापाशी येऊन थांबला, सगळं. काल त्याच्या शेजारी नेमका बाबुलाल शाहीर येऊन बसला. शाहिरानं गावात पाय टाकायच्या आधी गावची उणीदुणी विचारून घ्यायची, ही खडी गमतीची रीतच. त्यानं विचारलं अन् सोमाजी सुटला. फाट्यावरचा गाडीचा निवारा दाखवून म्हणाला, "पाहा शाहीर! छत पडलं तवा भाऊनं फीत कापली, रंग लागला तवा कापली, बाकडं आलं तवा पुन्हा कापली. गाडी मात्र बंद!" शाहीर पोट धरून हसला होता. सोमाजीलाही काल फार गोड वाटलं होतं.

ढोलकी कडाडली.

"निवारा बांधला एक, फीत कापली तीनदा हो,
आत बसल्या बकऱ्या, गाडी येईना एकदा हो!"

मांडव नुसता उसळला. सोमाजीचे कान तापले. त्याला पुंडलिकभाऊंचा फक्त पाठमोरा मानेचा भाग दिसत होता, अन् ती मान हलत नव्हती. गेली गाडी, त्याला वाटलं. आपल्या तोंडानं आपल्या पोरीची गाडी घालवली!

शाहिराला थांबवलं पाहिजे. पण रंगात आलेल्या शाहिरापाशी रिकाम्या हातानं जातं कोण? सोमाजीनं खिशातली नोट काढली, माणसांच्या पायांवर पाय देत पुढे गेला अन् नोट हातात देता देता पुटपुटला, "बस कर ना गा, पाया पडतो!" ढोलकीच्या दणक्यात शाहिराला काय ऐकू जाणार! त्याला दिसली फक्त नोट. अन् बक्षीस आलं की देणाऱ्याचं नाव घ्यायचं, त्याला आवडलेली ओळ पुन्हा म्हणायची. घाबरलेला माणूस रीतसुद्धा विसरतो.

शाहिरानं नोट उंच धरली. "ज्यांनी हे सारं मले सांगितलं, त्याच सोमाजीभाऊंकडून हे बक्षीस! घ्या मंडळी, पुन्हा एकदा!"

दुसऱ्यांदा ती ओळ झाली तेव्हा सोमाजी तिथंच हात जोडून उभा होता. पुंडलिकभाऊ सोफ्यावरून उठले. ढोलकी आपसूक बंद पडली. भाऊ सरळ त्याच्यापुढे आले.

"सोमाजी तूच काय?"

"हो भाऊ. चुकलो भाऊ. ते आपलं असंच, गाडीत बोलता बोलता..."

"अरे, घाबरतो कायले?" भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात टाकला अन् खदखदून हसले. "असा माणूस पायजे गावात!" कार्यकर्त्यांनी फोटो काढले. मग भाऊंनी शाहिराच्या हातातून माईक घेतला. "मंडळी, ह्या गाण्यानं माहे डोळे उघडले! एवढ्या मोठ्या गावाले एवढासा निवारा? शोभते काय? नवीन बांधून देतो. मोठा! टाइल्सचा, पंख्याचा! फीत कापाले मी स्वतः येईन!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. सोमाजीच्या छातीवरचा दगड उतरला. भाऊ रागावले नव्हते! देवा, रागावले नव्हते! तोही टाळ्या वाजवू लागला, दोन्ही हात वर करून, सगळ्यांपेक्षा जोरात. भाऊ हात जोडत, हसत मांडवाबाहेर गेले, मोटारीत बसले अन् धुरळा उडवत निघाले, तरी याचे हात काही थांबेनात.

बायकांच्या बाजूनं गुड्डी वाट काढत आली. ती बापाच्या हातांकडे पाहत उभी राहिली.

"बाबा, भाऊ गाडीचं तं काहीच नाही बोलले. मंग तुम्ही टाळ्या कायले वाजवून राहिले?"