संपर्क क्रमांक

“माहा फोटो ठेव, नाव ठेव, काई म्हननं नाई माहं. खालचा नंबर तेवढा पुसून टाक,” निवृत्ती म्हणाला. समोर खुर्ची असूनही तो उभाच होता.

मलिहाने बियाणे कंपनीच्या वेबसाइटवरचं त्याचं पान उघडलं. देऊळगाव राजाच्या या एका खोलीच्या ऑफिसात बसून ती अशी चाळीस पानं सांभाळायची. ‘आमचे यशस्वी शेतकरी’ या सदरात चार वर्षांपूर्वीचा निवृत्ती कपाशीचं झाड कवेत घेऊन हसत होता. एका झाडाला दीडशे बोंडं, एकरी सोळा क्विंटल. आणि प्रत्येक यशोगाथेखाली असतो तसा शेतकऱ्याचा मोबाईल नंबर, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने थेट त्यालाच विचारावं. आधी लोक शंका विचारायचे. यंदा गुलाबी अळीने बोंडं आतून खाल्ली आणि लोक शिव्या द्यायला लागले.

“लई फोन येतात का, काका?”

“येतात. शिव्यायचं काई नाई, त्याची सवय झाली. परवा सोनाळ्याहून एका बाईचा आला. तिनं शिवी नाई देल्ली. म्हने, नवऱ्यानं तुमचा फोटो पाहून बी घेतलं होतं. फवाऱ्याचं औषध पेला तो. आज तेरवी हाये, जेवाले या.”

मलिहा म्हणाली, “तुम्ही नंबरच काऊन बदलत नाही?”

“बँक, आधार, पीकविमा, सारं याच नंबरले बांधलं हाये. फोन बंद ठेवला त पोरगी घाबरते, बापानं काई करून घेतलं का म्हनून. अन् चालू ठेवला त खरंच वाटते, घ्यावं करून.”

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की तिला भीती वाटली. तिने पानाची सेटिंग उघडली, नंबर खोडला आणि ‘जतन करा’ दाबलं. लाल अक्षरं आली: हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. तिने दहा शून्यं टाकून पाहिली. तीही चालली नाहीत. शेवटी तिने ‘प्रकाशित’वरची खूण काढून ‘मसुदा’वर केली आणि पान वेबसाइटवरून गेलं.

“झालं, काका.”

निवृत्ती तेव्हा कुठे खुर्चीत टेकला.

पाच मिनिटं झाली नसतील तोच तिचा फोन वाजला. कंपनीचे जिल्ह्याचे साहेब, जानराव. त्यांचा आवाज फोनबाहेर सहज ऐकू यायचा.

“कपाशीचं ते पान कोणी उतरवलं? पुढच्या महिन्यात बियाण्याचं बुकिंग आहे. सगळ्यात जास्त लोक तेच पान बघतात.”

मलिहाने सगळं सांगितलं. तेरवीचंही सांगितलं.

“वाईट झालं,” जानराव म्हणाले. “मग नवा माणूस टाक. नाव, फोटो, नंबर बदल, मजकूर तोच राहू दे.”

“पण सर, यंदा कोणाचं पिकलंय?”

“पिकलं की नाही, असा रकाना आहे का त्यात? नाही ना? सहापर्यंत नवा माणूस टाक. नाही मिळाला तर जुनाच चालू कर.”

फोन ठेवल्यावर दोघंही एकमेकांकडे बघेनात. मग निवृत्ती उठला, दारात गेला आणि हाक मारली, “मोतीराम, आत ये बे.”

मोतीराम त्याच्या धुऱ्याला लागून शेत असलेला शेजारी. दुसरबीडहून त्यानेच आपल्या गाडीवर निवृत्तीला आणलं होतं. निवृत्तीच्या शब्दावर त्यानेही तेच बी लावलं होतं आणि डिसेंबरात उभ्या कपाशीत बकऱ्या सोडल्या होत्या. गावात निवृत्तीला एका शब्दाने बोलला नाही असा तो एकटाच.

“कंपनीवाले तुहा फोटो टाकून राह्यले, नेटवर,” निवृत्ती म्हणाला.

“माहा? मले त यंदा काईच झालं नाई.”

“लिहाचं काम त्याईचं हाये. तू उभा राह्य.”

मोतीरामने माठातलं पाणी घेऊन केस बसवले, गळ्याचं बटण लावलं आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. मलिहाने मोतीरामला सावध करणारं एक वाक्य बोलायला हवं होतं. पण ते बोलली असती तर जुनं पान तिलाच चालू करावं लागलं असतं, आणि त्या पानावरचा माणूस पुढ्यात उभा होता. तिने फोटो काढला. तिला स्वतःची किळस आली. फोटो मात्र चांगला आला.

मोतीरामला स्वतःचा नंबर पाठ नव्हता. निवृत्तीने तो तोंडपाठ सांगितला, दहाच्या दहा आकडे, कुठेही न अडखळता.

या वेळी लाल अक्षरं आली नाहीत. मोतीरामने पडद्याकडे वाकून सगळं वाचून घेतलं. एकरी सोळा क्विंटल वाचून तो लाजला.

“नंबर काऊन टाकला माहा?”

“लोकं फोन करतात,” निवृत्ती म्हणाला.

“मले? मले त कोनीच करत नाई.” मोतीरामने खिशातून फोन काढून सदऱ्याला पुसला आणि परत ठेवला. दारापर्यंत गेल्यावर त्याला काळजी वाटली. “पन मी काय सांगू त्याईले? तुह्यासारखं बोलता येत नाई मले.”

निवृत्ती खाली वाकून चप्पल घालत होता.

“तुले काई सांगा लागत नाई,” तो म्हणाला. “तेच बोलतात.”